आधी उतारा, मग विष

प्रतिजैविकांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक कथानक आता ठरून गेले आहे. १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली, पेनिसिलीन मिळाले, मग माणसाने औषधे वारेमाप वापरली आणि जंतू ती पचवायला शिकले. यातला सुरुवातीचा योगायोग खरा आहे, मधली उधळपट्टीही खरी आहे. शेवटचे क्रियापद मात्र मला नेहमी खटकते. शिकले म्हणजे काय? कोणाकडून शिकले? आणि ज्याने शिकवले तो हे कधी आणि कशासाठी शिकला होता?

हे प्रश्न स्ट्रेप्टोमायसिन या एका औषधाच्या आधारे विचारावेत असे मला वाटते. त्याचा जन्म मातीत झाला, तोही तारीखवार नोंदलेला. ते बनवणाऱ्या जिवाणूची जनुके एकेक करून वाचली गेली आहेत. त्याचा कारखाना आपल्या पिंपरीत उभा राहिला. आणि ज्या मातीतून ते आले त्या मातीवर ते पुन्हा फवारलेही गेले, सांगोल्याच्या डाळिंबांवरून. एवढा पूर्ण फेरा दुसऱ्या कुठल्या औषधाचा मला सापडलेला नाही.

सेल्मन वॅक्समन १९१० साली युक्रेनमधून अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीच्या रटगर्स येथील शेतकी महाविद्यालयात माती तपासू लागले. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. मातीतला पालापाचोळा कोण कुजवते, खताचे काय होते, हे त्यांचे विषय. या कामात त्यांना अ‍ॅक्टिनोमायसीट्स नावाच्या जीवांचा नाद लागला. नावाचा शब्दशः अर्थ ‘किरणबुरशी’. बुरशीसारखेच तंतू पसरवायचे, टोकाला बीजाणू धरायचे, पण तंतूंची जाडी जिवाणूंएवढी. ही बुरशी की जिवाणू, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस ही करडी जात वॅक्समन यांच्या नोंदींत १९१६ सालीच आली होती. म्हणजे क्षयावरचे पहिले औषध बनवणारा जीव प्रयोगशाळेच्या दप्तरात सत्तावीस वर्षे पडून होता. त्याला योग्य प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न वॅक्समन यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला. रेने द्युबो याने १९३९ साली मातीतल्या एका जिवाणूपासून जंतुनाशक द्रव्य वेगळे काढले. त्यानंतर वॅक्समन यांनी आपली सगळी प्रयोगशाळा त्या दिशेला वळवली. १९४० साली अ‍ॅक्टिनोमायसिन मिळाले. ते इतके जहाल, की जंतूंबरोबर प्राणीही मरत. १९४२ साली स्ट्रेप्टोथ्रिसिन मिळाले. त्याने मूत्रपिंडे बिघडत. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द औषधाच्या अर्थाने रूढ केला तो याच काळात वॅक्समन यांनी.

१९४३च्या उन्हाळ्यात अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी लष्करातून सुटून परत आला. महिना चाळीस डॉलरवर तो काम करी. क्षयाच्या जंतूवर काम करायची त्याची तयारी होती. वॅक्समन यांना त्या जंतूची भीती होती, म्हणून शॅट्झला तळघरातली खोली मिळाली. त्याच्या वहीतला अकरावा प्रयोग २३ ऑगस्टचा आहे. १९ ऑक्टोबरला दुपारी दोनच्या सुमारास त्याची खात्री पटली, की आपल्याला नवे प्रतिजैविक मिळाले आहे. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचे दोन वाण त्याच्याजवळ होते. एक आला होता भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून, दुसरा एका कोंबडीच्या घशातून. कोंबडी माती टोचत फिरते, त्यामुळे दुसऱ्याचे मूळही मातीतच.

जानेवारी १९४४मध्ये पहिला निबंध छापून आला. त्यावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्युगी आणि वॅक्समन अशी तीन नावे होती. पेटंटवर दोनच नावे राहिली, ब्युगीचे गळले. १९५२च्या नोबेलवर एकच उरले, वॅक्समन यांचे. मधल्या काळात, १९५० साली, शॅट्झने आपल्या गुरूवर दावा लावला. तो त्याच वर्षी आपसांत मिटला. शॅट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि स्वामित्वधनात तीन टक्के वाटा मिळाला. पण गुरूवर फिर्याद करणारा शिष्य म्हणून मोठ्या प्रयोगशाळांची दारे त्याला बंद झाली ती झालीच. रटगर्सने त्याला पदक दिले ते १९९४ साली. वॅक्समन यांची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. शोधाची पद्धत त्यांची, जीवाची ओळख त्यांची, संस्था त्यांची. तरी तळघरात रात्री काढणाऱ्याचे नाव इतके सहज पुसले जावे, हे वाचताना आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पुढची गोष्ट इंग्लंडमधली. युद्धानंतर तिथे स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे येत होते, सर्वांना पुरणे शक्य नव्हते. म्हणून तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. पंचावन्न जणांना औषध आणि विश्रांती, बावन्न जणांना नुसती विश्रांती. १९४८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले चार जण दगावले होते, दुसऱ्या गटातले चौदा. वैद्यकाच्या इतिहासात ही चाचणी तिच्या पद्धतीसाठी गाजली. त्याच अहवालातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. औषध घेणाऱ्यांपैकी एक्केचाळीस जणांच्या थुंकीतले जंतू तपासले, तेव्हा पस्तीस जणांमध्ये औषधाला दाद न देणारे जंतू आढळले. पाच वर्षांनी दोन गटांमधले अंतर बरेचसे पुसले गेले होते.

हे जंतू कोणाकडून शिकले? कोणाकडूनच नाही. पेशीत प्रथिने तयार होतात ती रायबोसोम नावाच्या यंत्रावर. स्ट्रेप्टोमायसिन त्या यंत्राच्या लहान भागात पाचर मारून बसते आणि मग यंत्र चुकीचे वाचू लागते. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या रायबोसोमची घडण एखाद्या अक्षराच्या फरकाने आधीच निराळी असते, त्यात पाचर नीट बसत नाही. औषधाने बाकीचे मेले, तो उरला आणि वाढला. हे ज्याचे त्याच्याच घरातले. म्हणूनच पुढे क्षयाला एका वेळी दोन-तीन औषधे देण्याची रीत पडली. एकाच जंतूत असे दोन-तीन फरक एकदम जुळून येणे फार विरळ.

जपानमध्ये पन्नाशीच्या दशकात जे दिसले ते मात्र या हिशेबात बसेना. रक्तीहगवणीच्या काही रुग्णांत स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लीन आणि सल्फा या चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारे जंतू सापडू लागले. चार निरनिराळे फरक एकाच जंतूत एकदम? १९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवले, की हा प्रतिकार एका जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत गठ्ठ्याने जातो. मूळ गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी कडी असते, ती हातोहात दिली जाते. इथे ‘शिकणे’ नाही, ही सरळ देवाणघेवाण आहे. पण गठ्ठा मुळात बांधला कोणी? या जिवाणूंनी औषधाचे तोंड पाहून जेमतेम दशक लोटले होते. एवढ्या अवधीत औषधाचा रेणू नेमका हेरून निकामी करणारे विकर कोऱ्या पाटीवरून घडत नसते.

१९७३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात राऊल बेनव्हेनिस्ते आणि ज्युलियन डेव्हिस यांनी हे कोडे उलट्या बाजूने सोडवायला घेतले. त्यांनी रुग्णालयातले जंतू बाजूला ठेवले आणि मातीतले स्ट्रेप्टोमायसिस घेतले. रुग्णालयातले चिवट जंतू ज्या युक्त्यांनी या औषधांचे रेणू निकामी करत, त्याच धाटणीची विकरे त्यांना औषध बनवणाऱ्या जिवाणूंतच आढळली. त्यांनी सुचवले, की प्रतिकाराच्या जनुकांचे माहेर बहुधा हे असावे. माझ्या मते प्रतिजैविकांच्या इतिहासातला हा क्षण फ्लेमिंगच्या बशीइतका महत्त्वाचा आहे. त्याला गोष्टीरूप मिळाले नाही एवढेच.

आणि विचार केला तर यात नवल कसले? जो विष करतो त्याला ते बाधू नये याची तजवीज करावीच लागते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसही जिवाणूच, त्याच्याही पेशीत तसलेच रायबोसोम. स्वतःच्या पोटात स्ट्रेप्टोमायसिन तयार झाले तर पहिला बळी त्याचाच जायचा. तो स्वतःला कसा सांभाळतो ते समजायला आणखी वीसेक वर्षे लागली.

त्यासाठी या जीवांची जनुके वाचण्याची विद्या हवी होती. ती घडवली मुख्यतः डेव्हिड हॉपवूड यांनी. १९५४ साली केंब्रिजमध्ये त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर ही जात घेतली. तिच्यापासून कुठलेही खपाचे औषध मिळत नव्हते. ती निळा रंग सोडते एवढेच तिचे आकर्षण. पण तो निळा रंग, अ‍ॅक्टिनोऱ्होडिन, स्वतःच एक प्रतिजैविक निघाला आणि रंग डोळ्यांना दिसत असल्याने कुठला वाण ते बनवतो, कुठला नाही, हे बशी पाहताच कळे. उपयोग नसलेल्या जीवावर तीस वर्षे घालवू देणारी व्यवस्था तेव्हा होती, हेही नोंदवले पाहिजे. १९८४ साली मालपार्तिदा आणि हॉपवूड यांनी नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत अ‍ॅक्टिनोऱ्होडिनची सगळी जनुके एकाच तुकड्यात उचलून दुसऱ्या जातीत घातली. ती जात निळा रंग बनवू लागली. यावरून एक गोष्ट पक्की झाली. प्रतिजैविक बनवायला लागणारी वीस-तीस जनुके गुणसूत्रभर विखुरलेली नसतात, ती वाड्यातल्या खोल्यांसारखी एकमेकींना लागून असतात. आणि त्याच वाड्यात बहुधा एक खोली प्रतिकाराच्या जनुकाची असते.

स्ट्रेप्टोमायसिनचा वाडा कसा चालतो ते मी थोडे सविस्तर सांगतो. याची सुरुवात मॉस्कोमध्ये झाली. १९६७ साली खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्रिसियसचा एक वाण मिळाला होता, जो स्ट्रेप्टोमायसिन बनवत नसे आणि बीजाणूही धरत नसे. निरोगी वाणाच्या काढ्यातले एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात घातले की तो दोन्ही करू लागे. त्या द्रव्याला त्यांनी ए-फॅक्टर नाव दिले. पुढचे काम तोक्योत बेप्पू आणि होरिनोउची यांनी केले. ए-फॅक्टर एका पहारेकऱ्यासारख्या प्रथिनाला चिकटतो आणि त्याला जागेवरून हलवतो. त्यामुळे एक मोठे जनुक सुटते, ते स्ट्रेप्टोमायसिनच्या वाड्यातल्या मुकादम जनुकाला जागे करते आणि मुकादम बाकीच्यांना कामाला लावतो. खरी गंमत मुकादमाच्या शेजारी आहे. प्रतिकाराचे जनुक त्याला लागून बसलेले आहे. मुकादम वाचला जात असताना वाचन तिथेच थांबत नाही, ते पुढे सरकून प्रतिकाराच्या जनुकातही शिरते. म्हणजे विष बनवणारे कामगार हजर होण्यापूर्वीच उताऱ्याची तयारी झालेली असते.

हा उतारा म्हणजे एक विकर. ते स्ट्रेप्टोमायसिनच्या सहाव्या कर्बावर फॉस्फेटचे बूच बसवते. बूच बसलेला रेणू रायबोसोमला त्रास देत नाही. ग्रिसियस पेशीच्या आत स्ट्रेप्टोमायसिन तयार करतो ते बुचासकटच. बाहेर टाकल्यावर दुसरे एक विकर ते बूच काढते आणि मग विष मोकळे होते. सुतळी बॉम्बची वात घराबाहेर गेल्यावर लावावी तसे.

पण हे विष मातीत असते तरी कशाला? वॅक्समन यांना स्वतःला मातीत प्रतिजैविकांची काही भूमिका असेल याची शंकाच होती. तिथे ती फार विरळ सापडतात. डेव्हिस यांनीही पुढे मांडले, की अल्प प्रमाणात ही द्रव्ये शेजाऱ्याला मारत नाहीत, त्याच्या जनुकांची चालबंद बदलतात. म्हणजे ती हत्यारे कमी आणि निरोप जास्त असावीत. मला स्वतःला ए-फॅक्टरच्या गोष्टीत एक धागा दिसतो. अन्न संपत आले की स्ट्रेप्टोमायसिस आपलेच जुने तंतू विरघळवून त्या रसावर बीजाणू धरतो. भरल्या ताटावर शेजारचे तुटून पडणार हे उघड आहे, आणि प्रतिजैविक बाहेर येते ते नेमके याच वेळी. दोन्हींची किल्ली एकच आहे, ही गोष्ट हत्याराच्या बाजूने बोलते.

या बीजाणूंचा आपल्या रोजच्या अनुभवाशीही संबंध आहे. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासातले मुख्य द्रव्य, जिऑस्मिन, हेच जीव बनवतात. त्याला नाव मिळाले तेही रटगर्समध्येच, १९६५ साली. त्या वासाने मातीतले स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले कीटकवर्गीय जीव ओढले जातात आणि बीजाणू अंगावर घेऊन पसरवतात, हे २०२० साली दाखवले गेले. आपण ज्यावर कविता करतो ते निमंत्रण मुळात दुसऱ्याच कोणाला होते.

२००२ साली सीलिकलरचा संपूर्ण जनुकसंच छापून आला. शहाऐंशी लाखांहून अधिक अक्षरे, ७,८२५ जनुके. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या सव्वाचार-साडेचार हजारांपुढे हा संसार मोठाच. ज्या जीवावर पन्नास वर्षे काम झाले होते, त्यात विविध द्रव्ये बनवणारे वीसहून अधिक वाडे निघाले. हॉपवूड यांना त्यातले मोजकेच ठाऊक होते. बाकीचे प्रयोगशाळेच्या बशीत कुलूपबंद राहतात. २००८ साली जपानी गटाने ग्रिसियसचाही जनुकसंच वाचला.

विष एवढे, तर उतारे किती? कॅनडात गेरी राइट यांच्या गटाने २००६ साली मातीतले ४८० स्ट्रेप्टोमायसिससारखे वाण एकवीस प्रतिजैविकांसमोर ठेवले. प्रत्येक वाण सरासरी सात-आठ औषधांना दाद देईना. सगळ्यांपुढे मान टाकणारा एकही नव्हता. २०११ साली त्याच गटाने युकॉनच्या गोठलेल्या, तीस हजार वर्षांपूर्वीच्या मातीतून डीएनए काढला. त्यात टेट्रासायक्लीन आणि व्हॅन्कोमायसिनला निष्प्रभ करणारी जनुके होती. पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या लेचुगिया गुहेतून, जिथे चाळीस लाख वर्षे वरच्या जगाचे पाणीही थेट पोचले नव्हते, अशा भागातून जिवाणू आणले. त्यातला एक चौदा औषधे पचवणारा निघाला. यात कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी नाही, कुठलाही औषधविक्रेता नाही.

इथे एक सावधगिरी हवी. यावरून ‘प्रतिकार निसर्गातच आहे, आपला काय दोष’ असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. तो चुकीचा आहे. मातीतले जनुक आणि रुग्णालयातले जनुक यांत पुष्कळदा फक्त कुळाचे साम्य असते. मधे किती हात बदलले असतील याची मोजदाद नाही. २०१२ साली शेतजमिनीतल्या जिवाणूंत रुग्णालयातल्या जंतूंशी अक्षरशः तंतोतंत जुळणारी सात प्रतिकार-जनुके सापडली, तेव्हा हल्लीच्या देवघेवीचा भक्कम पुरावा मिळाला. कोठार प्राचीन आहे. त्यातला माल एवढ्या वेगाने बाजारात यायला गिऱ्हाईक आपण तयार केले.

आता पिंपरी. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांनी वेढलेल्या या परिसरात ‘एच.ए.’ एवढेच म्हटले तरी रिक्षावाल्याला कळे. आधी पेनिसिलीन, मग साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मर्कच्या तंत्रज्ञानाने स्ट्रेप्टोमायसिन. त्या काळी क्षयाच्या रोग्याला वाचवणारी सुई आपल्याच मातीत बनते, याचे अप्रूप मोठे होते. आणि कारखाना केवळ परक्या वाणांवर चालत नव्हता. तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीजन्य रोगांवरचे हामायसिन शोधले. त्याची आद्याक्षरे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची, आणि ते बनवणाऱ्या जीवाचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. शास्त्रीय लॅटिनमध्ये पिंपरी कायमची नोंदली गेली आहे, हे पिंपरी-चिंचवडमधल्या किती जणांना माहीत असेल?

याच कारखान्याचे दुसरे उत्पादन म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लीन: नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लीन, पिकांवरच्या जिवाणूजन्य रोगांसाठी. सहा ग्रॅमची ती पुडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळे. डाळिंबावर तेल्या आला, फळावर तेलकट काळे डाग पडून ती तडकू लागली, तेव्हा सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव भागात शेतकऱ्यांनी ताम्रयुक्त औषधाबरोबर तिची फवारणी बहारामागून बहार केली. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. बाग गेली तर कर्ज राहते.

अमेरिकेत सफरचंद आणि नाशपातीच्या बागांत हेच आधी घडले होते. तिथल्या करपा रोगाच्या जिवाणूत स्ट्रेप्टोमायसिन निष्प्रभ करणारी दोन जनुके १९९३ साली मिशिगनमध्ये ओळखली गेली. उडी मारून जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर ती जोडीने बसलेली होती. तीच जोडी माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांतल्या जिवाणूंतही आहे. त्यातले एक जनुक जे विकर बनवते, ते स्ट्रेप्टोमायसिनच्या सहाव्या कर्बावर फॉस्फेटचे बूच बसवते. शॅट्झच्या तळघरातला करडा जीव स्वतःला वाचवायला जे करतो, नेमके तेच, त्याच जागी.

डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनच्या वापरावर बंदीचा मसुदा प्रसिद्ध केला. वापर पूर्ण थांबवण्यासाठी त्यात १ जानेवारी २०२४ ही तारीख धरली होती. क्षयाच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनचे स्थान तोवर अगदी मागच्या रांगेत गेले होते. डाळिंबाच्या आळ्यांतल्या मातीत आता त्या दोन जनुकांच्या किती प्रती आहेत, हे मोजण्याचे साधन आपल्या कुठल्याही चांगल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे. पावसानंतर, बहार धरण्याआधी, चमचाभर माती उचलली तरी पुरते.